गाडीचा एसी गार व्हायला अर्धा तास घेतो (मालवण, पेट्रोल हॅचबॅक, आर-१३४ए गॅस)

खारावारा

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, साधा फिरवायच्या बटणांचा एसी. गाडी कायम मालवणात, घर किनाऱ्याला लागूनच. शेड आहे, पण तिन्ही बाजूंनी उघडी.

दुपारी गाडी बाहेर काढली की पहिला अर्धा तास हवा कोमटच. कुडाळच्या रस्त्याला लागून वेग साठ-सत्तरवर गेला की बऱ्यापैकी गार होते. बाजारपेठेत अडकलो की पुन्हा कोमट. रात्री आणि पहाटे काहीच तक्रार नाही. ब्लोअरचा जोर चांगला आहे. मागच्या उन्हाळ्यात गॅस भरलेला, पण किती ग्रॅम ते पावतीवर नाही. आता गॅरेजवाले पुन्हा गॅस भरू म्हणतात.

भरावा का? त्याआधी घरी काय काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे, गॅसचा दाब मोजायच्या गेजचा जोड ओळखीने मिळेल.

पाना_नंबर_दहा

भरू नका. निदान इतक्यात तरी नाही.

अर्धे उत्तर तुम्हीच लिहिले आहे. वेग घेतला की गार, थांबली की कोमट, रात्री ठीक. म्हणजे कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) ओढतो आहे, डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल थंड होते आहे, पण आतून काढलेली उष्णता कंडेन्सरला (समोरच्या जाळीमागे, रेडिएटरपुढे असतो तो) बाहेर टाकता येत नाही. गाडी पळत असताना समोरचा वारा ते काम करून देतो. थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. गॅस थोडा कमी असला तरी आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) एसी मार खातो, त्यामुळे गेज लावल्याशिवाय मी शपथ घेणार नाही. पण संशयितांच्या यादीत गॅसचा नंबर आधी येत नाही.

आणि एक लक्षात घ्या, एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद चक्रात तोच तोच फिरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे. गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचे गिऱ्हाईक पक्के.

घरी करायचे ते असे. बोनेट उघडा, इंजिन आयडलला, एसी चालू, ब्लोअर पूर्ण. कंप्रेसरचा क्लच (त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा, गिअरचा नव्हे) टक् करून लागला की काही सेकंदांत कंडेन्सरचा पंखा सुरू झालाच पाहिजे. बऱ्याच गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात आणि मंद वेग एका रेझिस्टरमधून येतो. तो जळला की मंद वेग मरतो. पंखा मग इंजिन तापल्यावर किंवा गॅसचा दाब खूप चढल्यावर एकदम जोरात सुटतो. लोकांना वाटते पंखा तर फिरतो आहे. फिरतो, पण उशिरा.

मग वर्तमानपत्राचे एक पान समोरच्या जाळीवर धरा. पान ओढले जाऊन जाळीला चिकटले पाहिजे. बाहेर ढकलले गेले तर पंखा उलटा फिरतो आहे. कुणी मोटर बदलताना दोन वायरी अदलाबदल करून जोडल्या की हे होते. उलटा पंखा उभ्या गाडीत इंजिनची गरम हवा कंडेन्सरवर मारतो आणि चालत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशी भांडतो.

मल्टिमीटर आहे तर पंखा चालू असताना त्याच्या कनेक्टरवर मागून व्होल्टेज मोजा, लगेच बॅटरीवर मोजा. पंखा पूर्ण वेगात असताना दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा फार जास्त फरक नको. मंद वेगात मोजाल तर रेझिस्टरमुळे व्होल्टेज कमीच दिसेल, ते बघून घाबरू नका. किनाऱ्यावरच्या गाड्यांत अर्थिंगचा बोल्ट आणि रिलेचे पाय हे खास बघायचे. हिरवट-पांढरी पावडर जमलेली असते.

शेवटची पाण्याची परीक्षा. डॅशबोर्डवरच्या मधल्या जाळीत स्वयंपाकघरातला काडीचा डिजिटल थर्मामीटर खुपसा, हवा आतल्या आत फिरवायचे बटण लावा, दहा मिनिटे आयडलला चालवा, आकडा लिहा. मग कंडेन्सरवर गोड्या पाण्याची बारीक धार दोन मिनिटे सोडा. आकडा चार-पाच अंश झपकन खाली आला तर गडबड उष्णता बाहेर टाकण्यात आहे, हे नक्की.

हात सांभाळा. इग्निशन बंद असली तरी काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो. कंप्रेसरपासून कंडेन्सरकडे जाणारा पाइप हात भाजेल इतका तापतो.

एक_वाटसरू

मेल्या, गॅस भरून काय होवचा नाय. आधी फॅन फिरता काय बघ!

दर्यावर्दी

वर पाना_नंबर_दहा यांनी हवा आतल्या आत फिरवायला सांगितली. त्यामागचे कारण सविस्तर लिहितो, कारण कोकणात हे बटण फार महत्त्वाचे आहे आणि ‘आत कोंडल्यासारखे होते’ म्हणून बरेच जण ते बंद ठेवतात.

एसीला दोन कामे असतात. हवा थंड करणे आणि हवेतली वाफ पाणी करून काढून टाकणे. दुसरे काम जास्त खर्चिक आहे. एक ग्रॅम वाफेचे पाणी करताना सुमारे २.५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते.

आता हिशोब बघा. मे महिन्यातली मालवणची दुपार धरू, ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता. एक किलो कोरड्या हवेमागे साधारण २२ ग्रॅम वाफ. ही हवा १० अंशांवर आणायची तर सुमारे ६० किलोज्यूल काढावे लागतात, आणि त्यातले साठ टक्के नुसत्या पाण्यावर खर्च होतात. विदर्भातली ४३ अंशांची पण १५ टक्के आर्द्रतेची दुपार घ्या. तिथे त्याच कामाला ३५ किलोज्यूलच्या आसपास पुरतात. म्हणजे थर्मामीटर दहा अंश कमी दाखवत असूनही आपल्याकडची बाहेरची हवा एसीला पावणेदोन पट जड जाते. नागपूरच्या पाहुण्याची तीच गाडी तिकडे पाच मिनिटांत गार होते आणि इथे नाही, तर प्रत्येक वेळी गाडीत दोष शोधू नये.

म्हणून क्रम असा. उन्हात तापलेली गाडी आधी चारही काचा उघडून मिनिट-दोन मिनिटे चालवा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापलेली असते, ती फुकटात निघून जाते. मग काचा बंद, बाहेरची हवा बंद, ब्लोअर पूर्ण. गाडी गार झाल्यावर ब्लोअर दोनवर आणा. लांबच्या प्रवासात अधूनमधून काही मिनिटे बाहेरची हवा घ्या, बंद हवेत झापड येते.

खारावारा, तुमचे बटण नुसते लागते की बाहेरची हवा अडवणारी आतली फळी खरोखर फिरते, तेही बघा. ब्लोअर पूर्ण ठेवून बटण दाबा. आतल्या आतवर गेले की ब्लोअरचा आवाज स्पष्ट वाढतो. आवाज बदलला नाही तर फळीची केबल निसटली आहे किंवा मोटर अडकली आहे. फळी अर्धवट उघडी राहिली तर वर लिहिलेले साठ किलोज्यूल सतत भरत बसाल.

सड्यावरचा

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण किनाऱ्यावरच्या नऊ-दहा वर्षांच्या गाडीत मी पंख्याआधी कंडेन्सरची जाळी बघेन. कंडेन्सर अॅल्युमिनियमचा. सपाट नळ्या आणि त्यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याच्या घड्या. उष्णता बाहेर टाकायचे बहुतेक काम या घड्या करतात. खाऱ्या हवेत त्या पांढऱ्या पडतात, नळीपासून सुटतात आणि बोटाने दाबल्या की पापुद्र्यासारख्या गळतात. नळी शाबूत, गॅस पूर्ण, गळती शून्य, आणि तरीही एसी कोमट! घडी नळीला चिकटलेलीच नसेल तर पंखा कितीही फिरो.

झिजण्याची सुरुवात बहुधा खालच्या तिसऱ्या भागात होते. रस्त्यावरचे पाणी तिथेच उडते आणि खाली लोखंडी पट्टी असते. अॅल्युमिनियम, लोखंड आणि मीठ एकत्र आले की अॅल्युमिनियम आधी जाते. अलीकडच्या बहुतेक कंडेन्सरमध्ये शेवटचा, खालचा टप्पा द्रव झालेल्या गॅसला आणखी गार करायचा असतो. म्हणजे झिजतो तो नेमका कामाचा भाग.

आणि मळ. कंडेन्सरच्या पुढून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीतही कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत लाल माती, किडे, भाताचे तूस आणि गवताचे तुकडे यांची गादी बसलेली असते. वरचे प्लास्टिकचे झाकण काढून त्या फटीत टॉर्च मारा. गादी दिसली तर रेडिएटरचे वरचे दोन ब्रॅकेट सोडून तो जरा मागे झुकवा आणि पाणी इंजिनकडून पुढे मारा, म्हणजे मळ आला त्याच वाटेने बाहेर जाईल. साधा पाइप, बोटाने धार पसरवून. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की घड्या आडव्या होतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद. घरगुती एसीचे आम्लाचे क्लीनर तर नकोच.

पाणी गोडेच घ्या. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्याने धुणे म्हणजे मीठ चोळणे.

धुताना कंडेन्सरच्या कडांची फोमची पट्टी जागेवर आहे का तेही बघा. ती गेलेली असेल तर पंख्याने मागे ओढलेली गरम हवा कडेने फिरून पुन्हा पुढे येते. वेगात याचा त्रास कमी, थांबल्यावर जास्त. तुमच्या लक्षणाशी हेही जुळते.

खारावारा

सगळ्यांचे आभार. आकडे देतो.

वर्तमानपत्र जाळीला चिकटते, पण सैल. आतल्या आतच्या बटणाने आवाज बदलतो. पंखा कंप्रेसरबरोबरच लागतो, एकाच वेगाचा आहे. पंख्याच्या कनेक्टरवर ११.४ व्होल्ट, त्याच वेळी बॅटरीवर १३.८. मधल्या जाळीत आयडलला १७ अंश, पाणी मारल्यावर १०.

गेजही लावला. रात्रभर उभ्या गाडीत, बाहेर २९ अंश असताना, दोन्ही बाजू ९४ पीएसआय. दुपारी ३३ अंशांना, १५०० आरपीएमला: लो (कंप्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) ५२, हाय (त्यातून निघणारी जास्त दाबाची बाजू) ३१०. कंडेन्सरवर पाणी मारत असताना लो ३६, हाय २२०.

फटीत टॉर्च मारला. गादी आहे. खालच्या ओळी पांढऱ्या पडलेल्या आहेत, काही ठिकाणी घड्या नाहीतच.

एक शंका. उभ्या गाडीत ९४ आले म्हणजे गॅस बरोबर आहे असे धरायचे का?

पाना_नंबर_दहा

नाही, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. गाडी बंद असताना गेजवर दिसतो तो त्या तापमानाचा आर-१३४ए चा बाष्पदाब. आत थोडासाही द्रव शिल्लक असेल तर २०० ग्रॅमलाही तोच आकडा आणि ४०० ग्रॅमलाही तोच. बंद गाडीचा दाब बघून ‘गॅस फुल आहे’ म्हणणाऱ्याला गेज वाचता येत नाही.

पण हा आकडा दुसऱ्या कामाला येतो. २९ अंशांना आर-१३४ए चा दाब ९४ च्या आसपासच असायला हवा. तुमचा नेमका तेवढा आहे. मागच्या वेळी व्हॅक्यूम न करता गॅस मारून आत साधी हवा कोंडली असती तर इथे दहा-पंधरा जास्त दिसले असते. तेव्हा आत हवा नाही. यासाठी गाडी रात्रभर उभी हवी, इंजिन जरा जरी कोमट असेल तर आकडा खोटा.

चालू गाडीचे आकडे: लो जास्त, हाय जास्त. याचा अर्थ तीनपैकी एक. गॅस जादा, आत हवा, किंवा कंडेन्सर गार होत नाही. हवा आताच बाद झाली. राहिले दोन. जादा गॅस असला तरी पाणी मारल्यावर सुधारणा दिसते, म्हणून पाण्याच्या परीक्षेवरून तो सुटत नाही. तो वजनानेच कळेल. पण फटीतली गादी आणि ११.४ व्होल्ट समोर असताना आधी ते काम करा. फुकटचे आहे.

व्होल्टेजमधले २.४ कुठे जातात ते असे शोधा. पंखा चालू ठेवून मीटरचा एक दांडा बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरा पंख्याच्या काळ्या वायरवर. इथे ०.२ पेक्षा बरेच जास्त दिसले तर दोष अर्थिंगमध्ये. मग धन टोकापासून पंख्याच्या दुसऱ्या वायरपर्यंत तसेच, तिथे जास्त दिसले तर फ्यूज, रिले किंवा रिलेचा सॉकेट. अर्थिंगचा बोल्ट काढून रिंग आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा. ग्रीस नंतर, आधी नाही.

बाकी नेहमीच्या चुका ओळखायच्या असतील तर गेजचे गणित थोडक्यात. लो कमी, हाय पण कमी: गॅस कमी. लो जवळजवळ शून्य किंवा व्हॅक्यूमकडे, हाय साधारण किंवा कमी: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलच्या तोंडाशी द्रवाचा दाब उतरवणारे बारीक भोक) किंवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) चोंदला, किंवा ओलाव्याचा बर्फ व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकला. लो जास्त, हाय कमी: कंप्रेसर आतून सैल, आणि जो कंप्रेसर स्वतःची क्षमता बदलतो त्यात त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह. त्या प्रकारात क्लच टक् टक् करत नाही, म्हणून ‘कंप्रेसर कट होत नाही’ ही तक्रार त्या गाड्यांत तक्रारच नाही.

खारावारा

फट साफ केली, बादलीभर लाल गाळ निघाला. दोष अर्थिंगमध्येच होता. बोल्ट साफ केल्यावर पंख्यावर १३.४ व्होल्ट, आणि वर्तमानपत्र आता सोडतच नाही.

त्याच उन्हात, १५०० आरपीएमला: लो ४२, हाय २४५. आयडलला मधल्या जाळीत १२ अंश.

आता कंडेन्सर बदलायचा की चालवायचा?

सड्यावरचा

बदला, आणि तोही गळायच्या आधी. घड्या गेल्या की मीठ थेट नळीवर बसते आणि सुईच्या टोकाएवढे भोक पडते. गॅसबरोबर तेलही जाते. तेल कमी झालेला कंप्रेसर आधी आवाज करतो, मग घासतो, मग धातूचा कीस सगळ्या चक्रात पसरवतो. आजच्या बारीक छिद्रांच्या नळ्यांमधून तो कीस फ्लश करूनही नीट निघत नाही. म्हणजे कंडेन्सर वाचवायला गेलात तर कंप्रेसर, कंडेन्सर, ड्रायर आणि व्हॉल्व्ह अशी चौकडी बसवावी लागते.

दर्यावर्दी

माझे मत थोडे वेगळे. ३३ अंशांच्या दमट दुपारी आयडलला १२ अंश वाईट नाही. वेगात नऊ-दहापर्यंत उतरेल. गळती नसेल तर पावसाळा काढू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये एसी लागतो तो काचांवरचे धुके काढायला, त्याला एवढी ताकद लागत नाही. नवा कंडेन्सर पावसाच्या चिखलात बसवण्यापेक्षा दिवाळीनंतर बसवा. मात्र गळती आहे की नाही हे आताच बघून घ्या. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यांत, पाइपच्या जोडांवर, कंप्रेसरच्या पुलीमागे आणि सर्व्हिस पोर्टच्या (गेज लावायच्या आणि गॅस भरायच्या तोंडांच्या) टोप्यांखाली तेलकट, धूळ धरलेला डाग शोधा. गॅस दिसत नाही, पण तेल दिसते.

पाना_नंबर_दहा

मी दोघांच्या मधला. डाग दिसला तर आजच, नसेल तर दर्यावर्दी म्हणतात तसे. मात्र पोर्टच्या टोप्या आधी बघा. त्या हरवलेल्या असतात, मीठ आणि माती आतल्या पिनवर (टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशी) बसते आणि तिथूनच गॅस हळूहळू जातो. पिन चाराण्याची, आणि लोक कॉइल खोलून बसतात.

बदलायचे ठरले तर गॅरेजमध्ये उभे राहून हे करून घ्या.

जुना गॅस मशीनने काढून वजन करायला सांगा. बोनेटच्या आतल्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, लहान गाड्यांत साधारण ३०० ते ४५० च्या दरम्यान. निघालेले वजन स्टिकरपेक्षा जास्त भरले तर मागच्या उन्हाळ्याचा जादा गॅस सापडला. एवढ्या छोट्या चक्रात पन्नास ग्रॅमही फरक पाडतात, ‘थोडा जास्त भरतो म्हणजे जास्त गार’ हे साफ चूक. जादा द्रव कंडेन्सरच्या जागा अडवतो, हाय चढतो आणि थांबल्यावर एसी कोमट. म्हणजे तुमचीच मूळ तक्रार.

कंडेन्सर बाजारात दोन दर्जाचे मिळतात. स्वस्तातल्याच्या नळ्या मोजा, जुन्याशेजारी ठेवून. कमी ओळी असलेला घेऊ नका. काळा लेप असलेला मिळाला तर किनाऱ्यासाठी तोच घ्या. त्यावर आणखी रंग मारू नका, रंगाचा जाड थर उष्णता अडवतो.

ड्रायर कंडेन्सरला जोडलेला असेल तर नव्याबरोबर येतो, वेगळा असेल तर तोही नवा. त्याचे बूच शेवटच्या क्षणी काढायचे. आतले दाणे ओलावा शोषायलाच असतात आणि आपल्या हवेत ते उघडे राहिले की तिथेच भरून जातात. तेलाचेही तेच. पीएजी तेल (कंप्रेसरला वंगण देणारे) हवेतले पाणी ओढते, अर्धवट उघडा डबा शेल्फवरून काढून ओतत असतील तर थांबवा. कुठले तेल, दाटपणाचा नंबर ४६ की १००, ते कंप्रेसरवर किंवा स्टिकरवर असते. नव्या कंडेन्सरमागे साधारण ३० मिली तेल भरून द्यावे लागते, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस माहितीत असतो.

सगळे ओ-रिंग नवे, आर-१३४ए चालणाऱ्या रबराचे, बसवताना तेलाचे बोट लावून. सुके बसवले की घडी पडते आणि पहिल्याच खड्ड्यात गळती.

मग नायट्रोजन १५० पीएसआयच्या आसपास भरून जोडांवर साबणाचा फेस. गॅरेजचा साधा हवेचा कंप्रेसर लावू देऊ नका, त्या हवेत पाणी असते. नायट्रोजन सोडून दिला की व्हॅक्यूम पंप किमान ४५ मिनिटे. गेजवर सुई दोन मिनिटांत तळाला जाते म्हणून काम झाले असे नव्हे. २९ इंच व्हॅक्यूमला पाणी सुमारे २५ अंशांना उकळते, तेव्हा कुठे आतला ओलावा वाफ होऊन निघतो, आणि त्याला वेळ लागतो. पंप बंद करून वीस मिनिटे सुई हलता कामा नये.

गॅस वजनकाट्यावर, ग्रॅममध्ये. द्रव भरायचा तर इंजिन बंद ठेवून हाय साइडने. इंजिन चालू असताना फक्त लो साइडने आणि गॅसचा डबा सरळ उभा धरून, म्हणजे वाफच आत जाईल. डबा उलटा करून लो साइडला द्रव सोडला तर कंप्रेसर फुटू शकतो. डबा जोडलेला असताना इंजिन चालू करून हाय साइडचा व्हॉल्व्ह कधीही उघडायचा नाही, तो दाब डब्यात शिरतो आणि डबा फुटतो.

‘लीक स्टॉप’चे औषध घालू देऊ नका. एक्स्पान्शन व्हॉल्व्हचे भोक त्याने आधी बंद होते, गळतीचे नंतर.

देवगड_ते_तरळे

थोडे विषयांतर. घाट चढताना, करूळ किंवा फोंडा, आमचा एसी मध्येच कोमट होतो आणि माथ्यावर गेला की पुन्हा गार. हेही कंडेन्सरच का? गाडी सीएनजीवर आहे.

दर्यावर्दी

बहुधा दोष नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनचा संगणक काही सेकंद कंप्रेसरचा क्लच सोडतो, म्हणजे ताकद चाकांना मिळते. सीएनजीवर ताकद आधीच कमी, त्यामुळे पाय जास्त दाबला जातो आणि हे वारंवार होते. एक गिअर खाली घेऊन पाय हलका ठेवा, फरक दिसेल. पण त्याच वेळी इंजिनच्या तापमानाचा काटा वर जात असेल तर गोष्ट वेगळी. इंजिन तापले की संगणक एसी तोडतो, आणि मग कूलंट, थर्मोस्टॅट आणि तोच पंखा तपासा.

दुसरा प्रकार असा, की तासाभराने जाळीतून वाराच कमी येऊ लागतो, एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटे चालवला की वारा परत येतो आणि गाडीखाली भरपूर पाणी पडते. मग कॉइलवर बर्फ धरतो आहे. कॉइल गोठायच्या जरा आधी कंप्रेसर तोडणारा सेन्सर बिघडला असेल, किंवा केबिन फिल्टर चोंदला असेल. आधी फिल्टर काढून बघा, स्वस्त तोच आहे.

सड्यावरचा

फिल्टर काढाल तेव्हा ब्लोअरच्या खोक्यात हातही घाला. नारळाच्या झावळीचे तंतू, काजूची टरफले, चिंध्या, म्हणजे उंदराचे घर. वायरी कुरतडलेल्या असतील तर टेप न गुंडाळता जोड करून वर नळी चढवा, टेप पावसाळ्यात सुटते.

कॉइलच्या पाण्याची रबरी नळी गाडीखाली कुठे निघते तेही शोधून ठेवा. कुंभारीण माशी तिच्या तोंडात मातीचे घर बांधते. मग पाणी बाहेर न पडता डावीकडच्या पायाखालच्या गालिच्यात उतरते आणि कुबट वास सुरू होतो. एवढ्या दमट हवेत दहा मिनिटे एसी चालूनही गाडीखाली थेंब नसेल, तर एक तर कॉइल थंड होत नाही किंवा नळी बंद आहे. नळी खालून मऊ तारेने हलकेच मोकळी करा. कॉइल वर जवळच असते, लांब सळी खुपसाल तर भोक पाडाल.

खारावारा

डाग शोधले. कंडेन्सर कोरडा आहे. पण लो साइडच्या पोर्टला टोपीच नाही आणि पिनभोवती तेलकट माती आहे. फेस लावला तर दर काही सेकंदांनी एक बुडबुडा.

पाना_नंबर_दहा

मग आधी पिन. गॅस आत असताना पिन बदलायचे खास हत्यार येते, कुडाळ-कणकवलीत ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जा. नसेल तर गॅस मशीनने काढून, पिन बदलून, व्हॅक्यूम करून वजनाने पुन्हा भरायला सांगा. गॅस काढावाच लागला तर निघालेले वजन इथे लिहा. टोपी आतून रबराची रिंग असलेलीच घ्या, नुसती प्लास्टिकची नको. खरी सील टोपीच करते, पिन नव्हे.

कंडेन्सर मग दिवाळीनंतर. तोवर आठवड्याला एकदा गोड्या पाण्याने समोरची जाळी धुवा, आणि गाडी वाळूत उतरवू नका.